अल्बर्ट एलिस कोण होते? मानसोपचारात त्यांनी वेगळं काय केलं?
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक. मला त्यांच्या तरुणपणाची गोष्ट फार भावते. १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे. म्हणून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचे. बाकावर एखादी एकटी बसलेली दिसली, की शेजारी बसून मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची, हा नियम! महिन्याभरात शंभर जणींशी तरी बोलले. जमलं कुणाशीच नाही, पण भीती पळाली.

पुढे मानसोपचारक म्हणून काही वर्षं मनोविश्लेषण (मनात खोल दडलेल्या गोष्टी बोलण्यातून उलगडण्याची फ्रॉइडची पद्धत) केलं, पण रुग्णांना लवकर गुण येईना. १९५५च्या सुमारास स्वतःची पद्धत, म्हणजेच विवेकनिष्ठ मानसोपचार, मांडली: घटनेपेक्षा ‘असं व्हायलाच हवं’ हा आपला हट्ट जास्त छळतो. तो ओळखायचा आणि त्याच्याशी वाद घालायचा. नव्वदीतही त्यांचं काम सुरूच होतं.