उष्णता देऊनही पारा का थांबतो?

प्रश्न : वितळणाऱ्या बर्फाचे भांडे मंद आचेवर ठेवून सतत ढवळत राहिलो, तरी बर्फ संपेपर्यंत तापमापीतील पारा जागचा हलला नाही. मग दिलेली उष्णता गेली कुठे? शिवाय ही तापमापी बर्फात शून्याऐवजी १ अंश दाखवते. प्रत्येक वाचनातून १ वजा केला, की काम भागेल का?

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. तापमान हे पदार्थाच्या कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप असते, तर उष्णता म्हणजे तापमानातील फरकामुळे एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जाणारी ऊर्जा. बर्फ वितळताना ही ऊर्जा कणांची गती वाढवण्यात नव्हे, तर त्यांना जखडून ठेवणारी रचना मोडण्यात खर्च होते. १ ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यास सुमारे ३३४ ज्यूल लागतात. तेवढ्याच ऊर्जेने १ ग्रॅम पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले असते. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक यांनी हा ‘अप्रकट उष्मा’ ओळखला आणि तेव्हापासून उष्णता व तापमान या दोन वेगळ्या राशी आहेत, हे स्पष्ट होत गेले.

पारा असा थांबतो, म्हणूनच तापमापी तपासता येते. खोली गार असो वा उबदार, बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत नीट ढवळलेले मिश्रण शून्यावरच राहते. मात्र बर्फ शुद्ध पाण्याचा व बारीक कुटलेला असावा, त्यात जेमतेम खळगे भरतील इतकेच पाणी असावे आणि तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू नये.

दुसऱ्या टोकाला अधिक सावधगिरी लागते, कारण उत्कलनबिंदू हवेच्या दाबानुसार बदलतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला तो साधारण १ अंशाने उतरतो, हे विसरून पुष्कळ जण चांगल्या तापमापीलाच दोष देतात. फुगा उकळत्या पाण्यात न बुडवता वाफेत धरावा, कारण पाणी कधी कधी उत्कलनबिंदूपेक्षा किंचित अधिक तापते. १७७७ साली कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल सोसायटीच्या समितीनेही वाफेचाच आग्रह धरला होता. ताप मोजण्याची काचेची तापमापी मात्र चुकूनही वाफेत धरू नये. तिची मापनश्रेणी सुमारे ४२ अंशांवर संपत असल्याने ती फुटेल.

आता १ वजा करण्याविषयी. समजा, आपण ६०० मीटर उंचीवर आहात, तेथे उत्कलनबिंदू सुमारे ९८ अंश आहे आणि आपली तापमापी वाफेत ९७ दाखवते. म्हणजे ९८ अंशांचे खरे अंतर तिने ९६ भागांत बसवले आहे. म्हणून वाचनातून १ वजा करून येणाऱ्या संख्येला ९८ ने गुणावे आणि ९६ ने भागावे. या हिशेबाने २५ चे खरे तापमान २४.५ येते, ७३ चे ७३.५ आणि ४९ चे मात्र ४९च! सरसकट १ वजा केल्यास बरोबर असलेले वाचनही आपण बिघडवाल. नळीचे छिद्र सर्वत्र सारखे आहे, हे या हिशेबात गृहीत धरले आहे. तशी खात्री नसेल, तर मधल्या एखाद्या तापमानाला भरवशाच्या तापमापीशी तुलना करावी आणि त्या वेळी दोन्ही तापमाप्या एकाच पाण्यात, शेजारी शेजारी, ढवळत धराव्यात.