कंपनीच्या रिमला स्प्रे मारू की पावडर कोटिंग करू?

प्रश्न: पिकअपचे कंपनीचे अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिम) निस्तेज झालेत. घरी स्प्रे मारू की पावडर कोटिंग करून घेऊ?

गाडी खडीतनं, चिखलातनं जात असेल तर डोळे झाकून पावडर. रंगाची कोरडी पूड भट्टीत 180 ते 200 अंशांना वितळून एकसंध थर बसतो, स्प्रेपेक्षा बराच जाड, त्यामुळे खडी लागली तरी सहसा टवका उडत नाही. पण उडालाच तर तेवढ्यापुरतं टचअप धड जमत नाही, अख्खी रिम सोलून परत करावी लागते. स्प्रेचं उलट, लवकर खराब होतो पण सुट्टीच्या दिवशी घरीच नीट करता येतो.

पावडरवाल्याला एक नक्की विचारा, जुना रंग कसा काढणार? केमिकलने किंवा ब्लास्टिंगने (वाळूसारख्या कणांचा मारा करून) म्हणाला तर ठीक. रंग जाळून काढायच्या भट्टीत टाकतो म्हणाला तर रिम उचला आणि घरी या, कारण ती भट्टी 400 अंशांच्या आसपास जाते आणि अलॉयला कारखान्यात उष्णता देऊन जी ताकद आणलेली असते ती तिथे उतरते. बाहेरून काही दिसत नाही, हीच पंचाईत.

प्रश्न: क्लिअर कोटच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा आल्यात. वरून घासून रंग मारला तर चालेल?

नाही चालणार. एखाद्या टवक्यातनं पाणी आणि मीठ आत शिरतं आणि ॲल्युमिनियम कोटच्या खालून खात जातं, त्या रेषा म्हणजे तेच. वरून रंग मारलात तर आतलं काम चालूच राहतं आणि काही महिन्यांत पोपडे सुटतात. रेषा संपते त्याच्या बऱ्याच पुढेपर्यंत, चकचकीत धातू दिसेस्तोवर घासायचं, मग 320 चा पॉलिश पेपर, ग्रीस रिमूव्हरने पुसणं, आणि उघड्या धातूवर सेल्फ एचिंग प्रायमर (धातूला धरून बसणारा पहिला हात). शेवटचा 2के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर) मारणार असाल तर साधा धुळीचा मास्क कामाचा नाही, त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, योग्य रेस्पिरेटर हवा.

प्रश्न: फुटपाथला घासून खड्डे पडलेत. लांबी भरून पावडर करता येईल?

साधी बॉडीची लांबी भट्टीत टिकत नाही, फुगते नाहीतर सुटते. उष्णता सहन करणारं मेटल फिलर मिळतं ते वापरा. स्प्रे करणार असाल तर लांबी चालते. तडा असेल तर मात्र रंगाचा विषयच सोडा, तडा झाकून गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

प्रश्न: कोटिंग करून आणल्यापासून चाकाचे नट सारखे ढिले होतात. नट खराब झालेत का?

नट बहुतेक चांगलेच असतील. माझ्याच गाडीला हे झालंय, वळणावर मागून टकटक यायची आणि मी आठवडाभर बेअरिंगला शिव्या देत होतो. चाक उतरवलं तर नट बसतो त्या खोलगट जागेत पावडर, तीही चेपून कडेला सरकलेली! नट घट्ट होतो तेव्हा तो कोटिंगवर बसलेला असतो, धातूवर नाही. गाडी चालली की तो थर चेपतो आणि पकड जाते. नटाच्या बैठका आणि रिमचा मागचा हबला टेकणारा भाग, दोन्हीकडे कोटिंग नको. आधीच टेप नाहीतर प्लग लावून घ्यायचे, राहून गेलं असेल तर तेवढं कोटिंग काढून टाका, पण खालचा धातू कोरू नका. मग मॅन्युअलमध्ये दिलाय तो टॉर्क (नट आवळायच्या जोराचं माप) टॉर्क रेंचने लावायचा आणि 50 ते 100 किलोमीटर चालवून परत तपासायचा. एअर गनने कचकचून आवळणं म्हणजे टॉर्क लावणं नव्हे.

प्रश्न: टायर न काढता स्प्रे केला तर?

कडा कव्हर करून, टायर आणि रिमच्या फटीत पत्त्यांसारखे कार्ड खोचून होतो. लोखंडी रिमला मी स्वतः असं केलंय, वायर ब्रशने गंज काढून. पण तेव्हा फक्त दर्शनी भागच रंगतो. पावडरला मात्र टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगची वजनं आणि प्रेशर सेन्सर सगळं काढावंच लागतं. रंग हाताला तासाभरात सुका लागला तरी आठवडाभर प्रेशर वॉशरचा पाइप लांब ठेवा.