सामाजिक आणि सांस्कृतिक इतिहास लिहिण्याच्या सर्वांत प्रभावी पद्धती कोणत्या? गावाचा इतिहास लिहायचा तर त्यांतली कोणती वापरावी?

पहिला प्रश्न एम.ए.च्या कुठल्याही नोट्समध्ये सापडेल, म्हणून तो आधी उरकते. फ्रान्समध्ये मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्हर यांनी १९२९ साली ‘अनाल’ हे नियतकालिक काढलं. राजे, लढाया, तह एवढ्यावर न थांबता शेती, बाजार, हवामान, लोकांच्या समजुती यांचा इतिहास लिहायची सवय तिथून लागली. इतिहासकार फर्नांद ब्रोदेल त्याच परंपरेतला. इंग्लंडात ई. पी. थॉम्पसनने १९६३ मध्ये तिथला कामगारवर्ग कसा घडला ते कामगारांच्या अंगाने लिहिलं. इटलीत कार्लो गिन्झबर्गने १९७६ मध्ये सोळाव्या शतकातल्या एका गिरणीवाल्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे रणजित गुहा आणि त्यांच्या मंडळींनी १९८२ पासून ‘सबाल्टर्न स्टडीज’चे, म्हणजे तळातल्या लोकांच्या इतिहासाचे, खंड काढले. परीक्षेपुरतं एवढं बास.

दुसरा प्रश्न वाचून मात्र हात शिवशिवले. कारण गावाचा इतिहास मीही लिहिला आहे. तो माझ्या नावानं छापून आलाय आणि त्यातला निम्मा मजकूर माझा नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, दुष्काळी पट्ट्यात. नाव सांगत नाही, भाऊबंद इथंही वाचत असतात. भैरवनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा समितीनं स्मरणिका काढायचं ठरवलं. मी इतिहास शिकलेली, त्यात मोडी वाचता येते, म्हणून ‘आपल्या गावाचा इतिहास’ हा लेख माझ्या गळ्यात पडला. समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. माझे नात्यानं चुलत चुलते, आणि चौथीला मला त्यांनीच इतिहास शिकवलेला.

पाटलांच्या वाड्यात पत्र्याच्या पेटीत जुने कागद होते. बहुतेक वाळवीनं खाल्लेले. त्यात एक महजर, म्हणजे गावसभेसमोर झालेल्या निवाड्याचा कागद, धड निघाला, पेशवाईतला. शेजारच्या गावाशी शिवेचा तंटा. आता ही शिवेची गोष्ट आमच्याकडे दर जत्रेला सांगितली जाते: आमच्या पाटलानं शीव जिंकून आणली. मोठी लढाई झाली म्हणतात, पाटलाच्या घोडीचंही नाव सांगतात.

महजरात घोडी नाही. दोन्ही गावच्या पाटलांनी आपापलं म्हणणं मांडलं, पुरावा कोणाकडेच नव्हता. मग जमलेल्या गोतानं, म्हणजे निवाड्याला बसलेल्या गावसभेनं, ठरवलं की गावच्या महारानं शीव चालून दाखवावी. त्या काळी शिवेची माहिती महाराकडे, ती दाखवणं हे त्याच्या वतनाचंच काम. कागदात त्याचं नाव आहे, शेवटी ‘नाक’ लागलेलं. त्यानं बेलभंडार उचलला, म्हणजे देवाची शपथ घेतली, आणि ओढ्यापासून चालायला लागला. कुठला लिंब, कुठला धोंडा, कुठं वळला, सगळं ओळीनं लिहिलंय. दोन्ही गावांनी ते मान्य केलं. खाली निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराची वाकस, महाराचा विळा-दोर. मी तो कागद वाचला आणि वाटलं, लेख झाला. राजा नाही, लढाई नाही, पण गाव कसं चालायचं ते एका पानात आलंय. निवाडा कोण करतं, शपथ कशावर घेतात, कोणाच्या शब्दावर जमीन ठरते आणि एवढं करून त्या शब्दवाल्यानं राहायचं कुठं, तर गावकुसाबाहेर.

तसंच लिहून दिलं. गुरुजींनी बोलावून घेतलं.

“अगं, देवाच्या कामाची स्मरणिका ही. त्यात जातीपातीचं कशाला उकरतेस?”

मी म्हटलं, “गुरुजी, पाटील लिहिलं तर जात येत नाही आणि महार लिहिलं की येते?”

“कागदात काय आहे ते मला कळतं. वर्गणी कुणी दिलीय ते तुला कळत नाही.”

छापून आलं ते असं: पाटील घराण्याच्या पराक्रमामुळे गावाची शीव अबाधित राहिली. पुढच्या परिच्छेदात शिवाजी महाराजांनी गावात एक रात्र मुक्काम केल्याची आख्यायिका, जी मी लिहिलेलीच नव्हती. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात महाराज एक रात्र मुक्कामाला होते. हे सगळे मुक्काम जोडले तर त्यांना स्वराज्य करायला वेळ कधी मिळाला असेल, देव जाणे. लेखाखाली नाव माझं. प्रूफ मला दाखवलंच नव्हतं.

आता पद्धतींकडे येते. तुम्ही विचारलंय ‘कोणती वापरावी’. मला हा प्रश्नच पटत नाही. हातात कागद कसला आहे आणि तो कुणी, कशासाठी लिहिला, यावर पद्धत ठरते. गिन्झबर्गचा गिरणीवाला घ्या. फ्रिउलीतला मेनोक्किओ. चीजमध्ये किडे व्हावेत तसं हे जग झालं आणि ते किडे म्हणजे देवदूत, असं तो उघड बोलायचा. धर्मपीठानं त्याच्यावर दोनदा खटला चालवला, शेवटी मारलं. तो आपल्याला माहीत झाला तो केवळ खटल्यामुळं. न्यायाधीशांनी आपल्या सोयीसाठी त्याचा शब्दन् शब्द उतरवून घेतला म्हणून. आमचा महजर त्याच जातकुळीचा: लिहिणारा कुलकर्णी, लिहून घेणारे पाटील, तरी मधून शीव चालणाऱ्याची पावलं दिसतात. गरिबांचे कागद गरीब लिहीत नाहीत. भांडण झालं, गुन्हा झाला, कर थकला, की मगच त्यांची नावं कागदावर येतात. म्हणून माझा सल्ला, आधी तंट्याचे कागद शोधा. वंशावळ्या आणि सनदा शेवटी.

गुहांच्या मंडळींकडून शिकायचं ते हेच, सरकारी कागद उलटा वाचायला. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. सरकारी भाषेत दंगा. पण चौकशी आयोगाच्याच कागदांतून दिसतं की लोकांचा रोख कर्जरोखे आणि वह्यांवर होता, ते मिळवून जाळायचे. ज्याला आपलं कर्ज कुठल्या चिठोऱ्यात अडकलंय हे नेमकं ठाऊक आहे, त्याला माथेफिरू जमाव म्हणायचं कसं?

आणि हो, खालून वर बघणारा इतिहास १९६३ साली इंग्लंडात जन्मला असं कुणी सांगितलं तर त्याला १८७३ सालची ‘गुलामगिरी’ दाखवा. जोतिरावांनी अवतारकथाच उलट्या वाचल्या, वामनाच्या बाजूनं न वाचता बळीच्या बाजूनं. शब्दांच्या व्युत्पत्त्या त्यांनी मनाला येईल तशा लावल्या, ते सोडा. पण ही गोष्ट कुणी सांगितली आणि कुणाच्या फायद्याची, हे त्यांनी विचारलं. आमच्या घोडीवाल्या पाटलाबद्दल मला तेवढंच विचारायचं होतं.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं ऋण मोठं. त्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली नसती तर निम्मी बंबात गेली असती. पण गावाचा इतिहास लिहायचा असेल तर मी दामोदर कोसंबींना गुरू माना म्हणेन. मूळचे गणिती. जुनी नाणी तराजूत तोलून त्यांच्या झिजेवरून निष्कर्ष काढायचे आणि पुण्याच्या आसपास पायी फिरून शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर का आहेत ते बघायचे. त्यांचे सगळेच निष्कर्ष आता टिकत नाहीत, पण चालायची सवय उचला. मी शीव स्वतः चालून पाहिली. ओढा आहे, लिंब गेला, धोंडे दोन ठिकाणी सापडले. एका धोंड्याला आता म्हसोबा म्हणून नारळ फोडतात.

ओव्यांवरूनही गुरुजींशी वाजलं. “बायकांचं रडगाणं, त्यात कसला इतिहास,” हे त्यांचं मत. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या रडगाण्यासाठी नव्हेत. माझ्या आजीच्या ओव्यांत पाटलाचा पराक्रम कुठंच नाही. भाऊ आहे, सासूचा जाच आहे, आटलेली विहीर आहे. आमच्या गावच्या एकाही कागदात त्या विहिरीचा उल्लेख नाही, आणि गावातल्या बायकांचा अर्धा दिवस तिथंच जायचा.

एक गोष्ट मात्र गुरुजींना नाही, मला ऐकावी लागली. तो महजर मी बौद्धवाड्यातल्या एका आजोबांना वाचून दाखवला. मला वाटलेलं, खूश होतील. ते म्हणाले, “शीव दाखवायची, टपाल वाहायचं, मढ्याची वर्दी द्यायची, आन् बदल्यात शिळी भाकर. या वतनाचं कवतिक मला सांगू नका बाई. ते सुटावं म्हणून बाबासाहेब कौन्सिलात भांडले.” खरं आहे, महार वतनाबद्दलचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं होतं. थॉम्पसनी पद्धतीनं विस्मृतीतल्या माणसाला बाहेर काढायचं हे ठीकच, पण त्याच्या वारसांना तो सन्मान वाटेल हे गृहीत धरू नका. त्यांचं बोलणं मी लेखाच्या मूळ प्रतीत जसंच्या तसं घातलं. ती प्रत अर्थातच छापलेली नाही, मागाल त्याला झेरॉक्स देते.

थोडं सावधगिरीचंही सांगायला हवं. एका महजरावरून मराठेशाहीतल्या सगळ्या गावांबद्दल बोलू नका. ओवीला तारीख नसते, तिच्या जोरावर साल ठरवायला जाऊ नका. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ जरूर वाचा, बलुतेदारीची इतकी बारीक माहिती दुसरीकडे मिळत नाही, पण लिहिणारा महसूल खात्यातला माणूस आहे हे प्रत्येक पानावर लक्षात ठेवा. आणि गुरुजींबद्दल न्यायानं सांगायचं तर ती पत्र्याची पेटी गळक्या खोलीतून उचलून कोरड्या जागी त्यांनीच ठेवली होती. ते नसते तर मला वाचायला कागदच उरला नसता. तरीही तो पराक्रम त्यांनी घालायला नको होता.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच: मोडी शिका, दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहू नका. देवळाच्या समितीसाठी लिहीत असाल तर मजकुराला हात लावणार नाही हे आधी कागदावर घ्या आणि प्रूफ स्वतः बघा. पेटी उघडून दिली की सगळे फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी भाऊबंदकी आडवी येते. फोटो काढताना पान उलटून मागची बाजूही घ्या. आमच्या महजराच्या पाठीमागं कुणीतरी नंतर जोंधळ्याच्या उसनवारीचा हिशेब लिहिलाय, आठ-दहा घरांची नावं आहेत. सध्या मी त्याच्यावरच काम करतेय.