प्रयोगशाळेतली माकडं स्वतःलाच चावतात, हे ताणामुळे का? (विचारणारे जळगावचे)

हो, मुख्यतः ताणच, त्यातही लहानपणीचा. आईपासून तोडून माणसांच्या हाती वाढवलेलं किंवा कोवळ्या वयात एकटं पिंजऱ्यात ठेवलेलं रीसस (प्रयोगशाळांत वापरली जाणारी माकडाची एक जात) पिल्लू पुढे जास्त बिघडतं. वारंवार रक्त काढणं, जागा बदलणं यांची भर पडते. सातपुड्यात, पाल गावाकडे माकडं टोळीत एकमेकांचे केस निवडत बसलेली दिसतात ना, पिंजऱ्यात नेमकं तेच हिरावलेलं असतं. मग येरझाऱ्या, डोलणं, केस उपटणं. काही जण, विशेषतः नर, स्वतःचा दंड किंवा मांडी चावतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लोने १९६०च्या आसपास पिल्लं एकटी ठेवून हे दाखवलं, तेही फार क्रूरपणे. जोडीदार दिल्यावर बऱ्याचदा फरक पडतो, नुसत्या खेळण्यांनी चावणं सहसा थांबत नाही. मात्र तोच ताण सोसून काही माकडं ठणठणीत राहतात. आणि नुसते केस विरळ दिसले तर आधी त्वचारोग तपासावा.