शेणखत घालून सिहार काळी होईल का?

प्रश्न : माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, सासर आमगावजवळ. माहेरची जमीन काळीभोर. उन्हाळ्यात भेगेत हात कोपरापर्यंत जातो. इकडची माती, जिला सिहार म्हणतात, ती पिवळसर, रेताड. मामाजी म्हणतात, आधीच्यांनी शेणखत घातलं नाही म्हणून ती फिकी राहिली. दरवर्षी भरपूर खत घातलं तर काळी होईल? की माहेरहून ट्रॉलीभर माती आणू?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : ताई, काळी होणार नाही. मामाजींना सांगा, शेणखत जरूर घालावं, पण त्या आशेने नको. काळ्या जमिनीत खत मुरलेलं असतं म्हणून ती काळी, असं पुष्कळांना वाटतं. मी ३० वर्षं मातीचे खड्डे खणून नमुने तपासले. काळ्याभोर मातीतही सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत उरतो तो अंश, बहुधा एक टक्क्याच्या आतच निघायचा.

फरक आहे तो जनक खडकाचा, म्हणजे ज्या दगडापासून माती बनली त्याचा. तुमच्या माहेरच्या मातीचं मूळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, बेसॉल्ट. त्यात गारगोटी जवळजवळ नसते. चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. असा दगड बेताच्या पावसात कुजला की त्याची बारीक, फुगणारी चिकणमाती होते. तिच्या कणांच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आक्रसते. त्याच तुमच्या भेगा. उरलेल्या चुन्याचे पांढरे खडे मातीत सापडतात. त्यांवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. मी ते शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी बरं वाटलंय.

दर्यापुरात मात्र खणत गेलात तरी हा खडक लवकर लागणार नाही. तिथे पूर्णा आणि तिच्या उपनद्यांनी बेसॉल्टच्या डोंगरांवरून आणलेला गाळ साचलाय. म्हणजे मातीचा जनक नेहमी तिच्या खालीच असतो असं नाही.

आमगावकडचा नीस खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना. त्यात गारगोटी भरपूर, आणि गारगोटी कुजत नाही. सिहार ओली करून कानाशी चोळा, करकर ऐकू येईल, ती गारगोटीचीच. बाकीच्या खनिजांची माती होते, पण ती फारशी न फुगणारी. चुना मुळातच कमी, त्यात तुमच्याकडचा पाऊस जास्त, म्हणून होता तोही धुऊन जातो. (पावसाचा हात मी नाकारत नाही. कोकणात त्याच बेसॉल्टचा धो धो पावसाने लाल जांभा केलाय.)

आता दोन्हीकडची माती ओली करून तळहातांवर वळा. माहेरची शेवईसारखी लांब वळेल, सिहार मध्येच तुटेल. शेणखताने सिहार भुसभुशीत होईल, ओल जास्त टिकेल, रंगही जरा गडद दिसेल. पण चिकणमातीची जात बदलणार नाही. आणि तिला कमी लेखू नका, तुमच्याकडचा धान पिढ्यानपिढ्या तिच्यावरच उभा आहे.

माहेरची माती मात्र आणू नका. दर्यापूर खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात येतं, मातीबरोबर क्षारही घरी याल घेऊन. त्यापेक्षा उन्हाळ्यात तुमची बोडी (शेतालगतचं छोटं तळं) आटली की तळातला गाळ काढा. तुमच्याच बांध्यांतून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांतून, वाहून गेलेली बारीक माती तिथे बसलेली असते. शेणखताबरोबर तो एका बांधीत पातळ पसरा, शेजारची तशीच ठेवा, आणि रोवणीनंतर पावसाने दडी मारली की कोणत्या बांधीतली ओल आधी जाते ते मला कळवा.