वाळूच्या कणांची गोगलगाय आणि तिला सहा पाय: हा काय प्रकार आहे?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात घराजवळच्या ओढ्यात दगड उलटल्यावर वाटाण्यापेक्षा लहान, वाळूच्या कणांच्या गोगलगाई चिकटलेल्या दिसल्या. लेकीनं दोन डब्यात घालून आणल्या आणि रात्री एकीतून पाय बाहेर आले. ही कुठली गोगलगाय, असं विचारलंत.

गोगलगाय नव्हेच ती. कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी आहे आणि तुमच्या भागात असं गुंडाळीचं घर बांधणारी प्रजाती एकच, हेलिकोसायकी. (वर्तमानपत्रं 'प्रजाती' म्हणजे स्पीशीज समजून चालतात. मी जीनस म्हणतोय, म्हणजे जवळच्या जातींचा गट. स्पीशीजला जाती.)

फसलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी तिकडे शिकत असताना ओढ्यातला गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चिमट्यानं किडे निवडायचं काम करायचो, तासाच्या पैशांवर. पहिल्याच आठवड्यात यातले पंधरा-वीस नग मी बिनदिक्कत गोगलगाईंच्या बाटलीत टाकले. सरांनी बाटली उजेडाकडे धरली, बोलले काहीच नाहीत. एक नग बशीत काढून सुईनं उलटा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत काळपट डोकं आणि पोटाशी घेतलेले पाय.

माझं सोडा. फिलाडेल्फियाचे आयझॅक ली हे प्रकाशनाचा धंदा सांभाळून गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवर जन्मभर काम केलेले गृहस्थ. त्यांनी 1834 मध्ये हेच घर गोगलगाय समजून व्हॅल्व्हाटा अरेनिफेरा या नावानं नोंदवलं. अरेनिफेरा म्हणजे वाळू वाहणारी. आपल्या शंखाला वाळू चिकटवून तो मजबूत करणारी गोगलगाय, अशी त्यांची समजूत. शिंपल्यांतला एवढा जाणकार फसला, कारण त्यानं घर पाहिलं, घरात कोण राहतंय ते पाहिलं नाही. पुढे 1856 मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फॉन झिबोल्ड यांनी हेलिकोसायकी हे प्रजातीचं नाव दिलं.

आता ओळखायचं कसं. बशीत ओढ्याचंच पाणी घ्या, नग ठेवा आणि सावली न पाडता पाच-दहा मिनिटं गप्प बसा. (लेकीला जमेल, मोठ्यांना अवघड जातं.) गोगलगाय असेल तर मऊ पाऊल आणि शिंगं बाहेर येतील. अळी असेल तर सांध्यांचे सहा पाय येतील आणि घर झटक्याझटक्यानं पुढे ओढलं जाईल. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस येतो का बघा, असा सल्ला कुणी देईल. मी देणार नाही. ओढा चुनखडीच्या भागातला असला तर वाळूच्या कणांनाही फेस येतो, मग तुम्ही पुन्हा फसलात.

पक्की खूण शेपटाकडे आहे. कॅडिसफ्लायच्या अळीला मागच्या टोकाला दोन आकडे असतात, त्यांनी ती घर धरून ठेवते. हेलिकोसायकीच्या आकड्याला कंगव्यासारखी दातांची ओळ असते. त्यासाठी अळी घराबाहेर काढावी लागते, म्हणजे मेलेली आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेली हवी. साध्या भिंगात ते दात नीट दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो.

मग नुसत्या गुंडाळीवर का भागवू नये? तुमच्या ओढ्यापुरतं भागेल. पण न्यूझीलंडमध्ये याच कुलातली (फॅमिलीतली) राकिउरा नावाची प्रजाती आहे, तिच्या घराला गोगलगाईसारखी गुंडाळी नाही. उलट ब्राझीलमधल्या अशाच गुंडाळीवाल्यांना निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्यूलर यांनी 1885 मध्ये कॉक्लिओसायकी ही वेगळी प्रजाती मानलं होतं, ती आता हेलिकोसायकीतच उपप्रजाती (सबजीनस) म्हणून धरतात. घराच्या आकारावर वर्गीकरण करायला गेलं की असे घोटाळे होतात.

जाती कोणती, हे अळीवरून सांगण्याच्या फंदात मी पडणार नाही. अमेरिकेत सगळीकडे सापडणारी जाती हेलिकोसायकी बोरिॲलिस, तुमची तीच असण्याची शक्यता मोठी. पण खात्री करायची तर प्रौढ नर हवा. हा प्रौढ म्हणजे जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा तपकिरी पतंगच वाटतो. पंख कौलारू छपरासारखे मिटतो, पण पंखांवर खवल्यांऐवजी केस. फुलपाखरं-पतंग आणि हे एकमेकांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक, रेशीम दोघांच्याही अळ्या काढतात. वाळूचे कण जोडले जातात ते त्याच रेशमानं.

डब्यातल्या दोघी हलत असतील तर उद्याच त्याच ओढ्यात, शेवाळ धरलेल्या दगडावर सोडा. त्या दगडावरचं शेवाळच खरवडून खातात, डब्यात उपाशी मरतील. आणि दगडाला घट्ट डकलेलं, तोंडाशी रेशमाचं झाकण असलेलं घर दिसलं तर ते उचकटू नका, आत कोष असतो.

अशीच गुंडाळी उद्या ओढ्याऐवजी घराच्या भिंतीवर सापडली तर मात्र मला वेगळा प्रश्न टाका. युरोपातून आलेल्या एका पतंगाची अळी कोरड्यावर हुबेहूब असंच घर करते.