रात्री तीन वाजताची मैत्रीण

"मॅडम, सात वर्षं रोज बोलतोय आम्ही. आणि मला तिची उंचीसुद्धा माहीत नाही."

समोर बसलेल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. पुणे-इंदूरची तिकिटं काढून झाली होती. त्या, नवरा, सासूबाई आणि तेरा वर्षांची मुलगी. तीन दिवस इंदूर, एक दिवस महेश्वर. त्यातल्या एका दुपारी इंदूरच्या मैत्रिणीला पहिल्यांदा भेटायचं होतं, आणि ते ठरल्यापासून बाईंची झोप उडाली होती. छातीत धडधडायचं, जेवण जात नव्हतं. "लेकीला ताप आलाय, आमचं येणं रद्द" असा मेसेज त्यांनी दोनदा लिहिला आणि दोनदा पुसला होता.

ऑनलाइन ओळखीतल्या माणसाला भेटायला जाताना अशी घालमेल पुष्कळांची होते. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक जण एकच विचारतात : प्रत्यक्षात मी आवडले नाही तर? आहे ती मैत्रीही गेली तर? या बाईंचाही पहिला प्रश्न हाच होता. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो मला त्यांच्यामुळे नीट दिसला. म्हणून त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, हे लिहिते आहे.

मुलगी सहा वर्षांची असताना तिला टाइप १ मधुमेह असल्याचं निदान झालं. या आजारात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, दिवसातून अनेकदा. डोस आणि जेवण यांचं गणित जरा चुकलं की साखर खाली येते, आणि झोपेत खाली आली तर मुलाला सांगताही येत नाही. आई-बापांना रात्री उठून तपासावं लागतं. सत्तरच्या खाली आकडा आला की साखरपाणी किंवा ज्यूस द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी परत बघायचं. ही पंधरा मिनिटं फार लांब असतात. झोपता येत नाही, दिवा लावता येत नाही, नवऱ्याला सकाळी कामावर जायचं असतं म्हणून त्याला उठवावंसं वाटत नाही.

अशाच एका रात्री बाईंनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "५८ आली आहे. साखर दिली. कुणी जागं आहे का?" इंदूरहून उत्तर आलं, "मी आहे."

तिचा मुलगा दोन वर्षांनी लहान, आजार तोच. घरात मराठी; होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेली जी असंख्य मराठी घरं आहेत, त्यांतलंच एक. ही मैत्री त्या पंधरा-पंधरा मिनिटांतून उभी राहिली. फोटो क्वचित, व्हिडिओ कॉल जवळजवळ नाहीच. टाइप केलेले मेसेज, आणि हात अडकलेला असेल तर व्हॉइस नोट.

मी विचारलं, "ती आली, समोर बसली. तुमच्या मते सगळ्यात वाईट काय होईल?"

मला वाटलं होतं, त्या म्हणतील तिला मी कंटाळवाणी वाटेन, किंवा जाडी वाटेन. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

"ती माझ्या मुलीकडे बघेल," त्या म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वी, सलग पाच रात्री जागून झाल्यावर, पहाटे त्यांनी मैत्रिणीला लिहिलं होतं : मला ही मुलगी नकोशी झाली आहे. नवऱ्याला, आईला, सख्ख्या बहिणीला न सांगितलेली ही गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती. आणि ते माणूस आता सासूबाईंच्या शेजारी बसून त्या मुलीशी बोलणार होतं.

आधी मला जे विचारायला हवं होतं ते विचारलं. तेव्हा किंवा नंतर मुलीवर हात उगारावासा वाटला का? स्वतःच्या जिवाचं काही करावं असं मनात आलं का? तसं काही नव्हतं. ती शुद्ध दमणूक होती. दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या आयांकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि त्यातल्या कुणाचंही प्रेम मला कमी वाटलेलं नाही. पण वाचणाऱ्या कुणाला यातलं पुढचं काही मनात येत असेल तर थांबू नका; टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे वाक्य त्यांनी आईला न सांगता न पाहिलेल्या बाईला का सांगितलं? जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं २००४ साली यावर लिहिलं आहे. समोर चेहरा नसतो, भुवई उंचावताना दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावं लागत नाही, म्हणून पडद्यामागून माणूस जास्त मोकळा होतो. कधी तो शिवीगाळ करतो, कधी मन उघडतो. या बाईंनी मन उघडलं होतं. आता त्याच कानांना डोळे फुटणार होते आणि भीती त्या डोळ्यांची होती. आवडण्या-नावडण्याचा प्रश्न वरवरचा होता.

म्हणून मी त्यांना "काही होत नाही हो, जा बिनधास्त" असं म्हटलं नाही. मी म्हटलं, हेच तिला आधी लिहा. भेटल्यावर मनात धरून बसाल तर सगळी दुपार तिच्या नजरेवर पहारा देण्यात जाईल.

त्यांनी लिहिलं. इंदूरहून पूर्ण दिवस उत्तर आलं नाही, आणि तो दिवस त्यांनी कसा काढला ते मला फोनवर कळत होतं. मग आलं ते लांबलचक. ते वाक्य तिला आठवत होतं. त्या रात्री तिनं ते वाचलं आणि आपण एकट्याच अशा नाही म्हणून रडली होती. पुढे तिनं स्वतःचं सांगितलं : तिचा नवरा दोन वर्षांपासून वेगळा राहतो, आणि तुम्ही सगळे घरी याल तेव्हा काय सांगू, या काळजीनं तीही जागीच होती.

पुढच्या भेटीत बाई चिडून आल्या. "दोन वर्षं! रोज बोलतो आम्ही. 'आज हे उशिरा येणार' असं लिहायची ती. मी सगळं सांगितलं आणि तिनं हे लपवलं."

राग खरा होता, मी तो खोडला नाही. फक्त एक फरक त्यांच्यासमोर ठेवला. काही माणसं दुसऱ्याकडून काहीतरी काढून घ्यायला खोटं बोलतात. काहींना आपली एखादी दुखरी जागा अजून कुणाला दाखवण्याची ताकद आलेली नसते. पहिल्या प्रकारात कधी ना कधी पैशांची गोष्ट निघते, घाई केली जाते, "घरी सांगू नकोस" असं म्हटलं जातं, व्हिडिओ कॉल सतत टाळला जातो. सात वर्षांत तिनं काही मागितलं का? एकदाही नाही. उलट पुण्यात साखर तपासायच्या पट्ट्या मिळेनात तेव्हा तिनं दोन डब्या कुरिअरनं पाठवल्या होत्या आणि पैसे घेतले नव्हते.

पैसे, घाई, लपवाछपवी यांतलं एखादं लक्षण नव्या ओळखीत दिसलं तर मात्र माझा सल्ला वेगळा असतो, आणि कडक असतो. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, वेळ घालवला की पैसे अडवणं अवघड होतं. आणि ओळख कितीही जुनी असली तरी पहिली भेट त्यांच्या घरी नको, मुक्कामाला तर नकोच. चारचौघांतली जागा, आपलं आपण जाणं-येणं, घरच्या एकाला ठिकाण माहीत असणं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं, ते ठेवा. बाईंच्या नवऱ्यानं हा आग्रह धरला तेव्हा त्यांना तो संशय वाटला होता. मला तो योग्यच वाटला, आणि मी तसं सांगितलं. मैत्रिणीनं तर स्वतःच घराऐवजी बाहेर भेटू म्हटलं.

मग आम्ही सहलीचा कागद काढला. भेट त्यांनी शेवटच्या दिवशी, गाडीच्या आधी ठेवली होती. म्हणजे चारही दिवस त्याच धास्तीत जाणार. दुसऱ्या दिवशी घ्या, म्हटलं. दोन तास, सुटायची वेळ आधीच सांगून. पहिला तास दोघीच, आणि समोरासमोर बसून नव्हे, चालत. शेजारी चालताना गप्प राहता येतं, टेबलावर गप्प राहिलं की दोघी चमचे मोजायला लागतात. मैत्रिणीनं जागा सुचवली : कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी भेटायचं, तिथून रमतगमत राजवाड्याकडे. आणि जमलं, तरच रात्री सगळ्यांना घेऊन सराफ्यात खायला. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात, तो सराफा. न जमलं, तर त्या रात्री कुटुंबासोबत तिथेच जायचं, मैत्रिणीशिवाय. सहल त्या एका भेटीवर टांगलेली नको.

दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पहिला अर्धा तास फार वाईट गेला, मॅडम."

कारण मला कधी सुचलं नसतं. सात वर्षं तिचा आवाज त्यांनी कुजबुजीतच ऐकला होता. दोन्हीकडे मुलं झोपलेली, म्हणून प्रत्येक व्हॉइस नोट हळू आवाजातली. त्या कुजबुजीवरून बाईंनी एक शांत, सावकाश बोलणारी, थोडी उदास बाई मनात उभी केली होती. छत्र्यांच्या पायऱ्यांवरून खणखणीत आवाजात, हिंदीच्या हेलात, हात उंचावून "अरे, आली का तू!" करत जी आली, ती कुणी तिसरीच होती. रिक्षावाल्याशी भांडून आली होती आणि ते भांडण साग्रसंगीत सांगत होती. बाईंच्या पोटात खड्डा पडला.

जोसेफ वॉल्थर या संशोधकानं १९९६ मध्ये हे मांडलं होतं : लिहून बोलताना पाठवणारा स्वतःतलं निवडून देतो आणि वाचणारा उरलेल्या जागा आपल्या पसंतीनं भरतो, म्हणून अशी नाती कधी कधी समोरासमोरच्या नात्यांपेक्षाही जवळची वाटतात. आपण भरलेल्या जागा पहिल्या भेटीत गळून पडतात. माणूस तेच असतं, पण तो पहिला अर्धा तास चुटपुट लावतो. जाण्याआधी मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की त्या अर्ध्या तासात काहीही ठरवू नका, नुसतं चाला.

त्या चालल्या. राजवाड्यापर्यंत मैत्रिणीचा आवाज आपोआप खाली आला. दोघी एका ओट्यावर टेकल्या, आणि नवऱ्याचं सांगताना ती अगदी व्हॉइस नोटमधल्यासारखी बोलू लागली. "तेव्हा मी डोळे मिटले," बाई म्हणाल्या. "मिटल्यावर ती मला ओळखू आली."

रात्री सगळे सराफ्यात भेटले. मुलं दोन टोकांना, दोघंही मोबाइलमध्ये डोकं घालून. तळलेल्या गराडूचे, म्हणजे तिथल्या कंदाचे, द्रोण आले तसं इंदूरच्या मुलानं बाही वर करून दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर खाजवला. मुलीनं पाहिलं, आपलीही बाही वर केली. "किती?" "एकशे चाळीस. तुझी?" मग कुणाचा सेन्सर पोहताना निघाला, कुणाचा अलार्म परीक्षेत वाजला, हे सुरू झालं ते थांबेना. मैत्रीण मुलीकडे बघत होती. बाईंनी मैत्रिणीकडे पाहिलं. तिथे काहीही नव्हतं, कौतुक सोडून.

परत आल्यावर तीन रात्री इंदूरहून मेसेज नाही. बाईंनी "रागावलीस का?" लिहिलं आणि, सवयीनं, पुसलं. हे मला नवीन नाही. पहिल्या भेटीनंतर दोघंही थोडे मागे सरकतात, आधीच्या चौकटीत परत बसायला वेळ लागतो, आणि त्या दिवसांत खुलासे मागितले की उगाच गुंता होतो.

चौथ्या रात्री पावणेतीनला आला : "६१. ज्यूस दिला. आहेस का?"

"मी आहे," बाईंनी लिहिलं. आणि पंधरा मिनिटं काढायची होती म्हणून पुढे लिहिलं, "सासूबाई विचारतायत, गराडूवर घालतात तो जीरावन मसाला पार्सल करशील का?"